सैनिकाची बाटली, पण कव्हर आणि बुचाचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सैनिकांच्या पाण्याच्या बाटलीवरचा तुमच्या पुरवणीतला लेख वाचला, छान आहे, पण एक तक्रार. आधी चामडं, मग लाकूड, मग पत्रा, अ‍ॅल्युमिनियम आणि शेवटी प्लास्टिक, असा नुसता बाटली कशाची होती याचाच हिशोब दिलाय आणि खरी डोकॅलिटी जिथे लागली त्या कव्हर आणि झाकणाबद्दल अवाक्षर नाही!

अमेरिकन यादवी युद्धातली, १८५८ च्या नमुन्याची बाटलीच घ्या ना. कथिलाचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या दोन खोलगट वाट्या तोंडाला तोंड लावून डाख दिलेल्या (म्हणजे वितळलेल्या धातूने जोडलेल्या) आणि वरून लोकरीचं कापड. आता कापडामुळे खडखड कमी होते हे कळतं, पण ते भिजवून ठेवलं की वाळता वाळता पाण्यातली उष्णता ओढून घेतं आणि पाणी गार राहतं, म्हणजे तत्त्व माठाचंच. (सैनिक मंडळी डाख आगीवर वितळवून त्याच बाटलीच्या दोन थाळ्या करायची आणि त्यात चक्क तळायची, ते वेगळंच.)

आता बूच. कॉर्कचं बूच हरवलं की भरलेली बाटलीसुद्धा कुचकामी, म्हणून ते कुठे साखळीने तर कुठे दोरीने बाटलीला बांधलेलं. ब्रिटिशांनी तर पहिल्या महायुद्धातच काय, दुसऱ्यातही एनॅमलचा मुलामा दिलेल्या पत्र्याची, नमद्याच्या (दाबून केलेल्या जाड लोकरीच्या) कव्हरची दोन पाइंटची बाटली वापरली, म्हणजे १ लिटरच्या थोडी वर, आणि बूच तेच, दोरीला बांधलेलं कॉर्क. त्यात एनॅमलचा टवका उडाला की गंज सुरू.

मला विचाराल तर सगळ्यात हुशार डिझाइन अमेरिकेच्या १९१० च्या बाटलीचं. एक बाजू आत वळलेली, म्हणून ती कमरेच्या गोलाईला चिकटून बसते आणि चालताना मांडीवर आपटत नाही, खाली त्याच आकाराचा धातूचा कप बाटलीवर असा चढतो की वेगळी जागाच लागत नाही, कव्हरला आतून नमदा, आणि बुचाऐवजी साखळी लावलेलं फिरकीचं झाकण. दुसऱ्या महायुद्धात अ‍ॅल्युमिनियम विमानांना लागायला लागलं तेव्हा बाटल्या स्टेनलेस स्टीलच्या झाल्या, पण आकार तोच ठेवला. पुढे १९६० च्या दशकात प्लास्टिक आलं तरी कप मात्र धातूचाच राहिला, कारण प्लास्टिकच्या बाटलीत पाणी उकळणार कसं? झाकणाचीही साखळी गेली आणि प्लास्टिकचा पट्टा आला. नंतर तर असं झाकण आलं की गॅस मास्क न काढता त्यात मास्कची नळी खोचून पाणी पिता यावं, आणि एवढ्या मोठ्या सोयीबद्दल लेखात एक ओळ नसावी?

आता पाठीवर लावून नळीने प्यायच्या पाण्याच्या पिशवीचा जमाना आहे. १९८९ मध्ये टेक्सासमधल्या उन्हातल्या सायकल शर्यतीत मायकल आयडसन यांनी सलाइनची पिशवी मोज्यात घालून पाठीला लावली, त्यातून कॅमलबॅक हा अशा पिशव्यांचा ब्रँड निघाला आणि तो पुढे सैन्यातही पोचला. हात न लावता पिता येतं हे मान्य, पण किती पाणी उरलंय ते पिशवी काढल्याशिवाय दिसत नाही, नळी नीट वाळवली नाही तर आत बुरशी धरते आणि त्यातून चहा करायचा म्हटलं तर कप शेवटी वेगळा न्यावाच लागतो.

आपला,
एक वाचक