आपल्या छपरावर दोनच किलोवॅट

महाबळेश्वर

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, पाच किलोवॅटचं सोलर बसवून टाकू, पैसे मी देतो, बिलाची कटकटच नको." तुझी माया कळते रे. पण हो म्हणायच्या आधी मी वर्षभराची बिलं काढून बसले. आकडे फोनवर सांगून डोक्यात राहत नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आधी थंडीचं. शेजारच्या काकूंना वाटतं की इथे ऊन तापत नाही, तर सोलर काय चालणार? पण पॅनेलला उजेड हवा असतो, ऊब नव्हे. पॅनेलची क्षमता मोजतात ती ते २५ अंशांवर असताना. त्यापेक्षा जास्त तापलं की दर अंशामागे साधारण ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर पॅनेल ६५ अंशांपर्यंत गेलं, तर बारा-पंधरा टक्के वीज तापण्यातच गेली. आपल्याकडे जानेवारीत वेण्णा तलावाकडे दव गोठतं, पण दिवसभर आभाळ निरभ्र असतं. तेव्हा थंडी आपल्या फायद्याचीच.

अडचण आहे ती पावसाळ्याची. वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारं आपलं गाव. जुलैत धुकं स्वयंपाकघरात शिरतं, दुपारी बारालाही दिवा लावावा लागतो, हे तुला काय सांगायचं! एक किलोवॅट कोरड्या दिवसांत रोज चारेक युनिट देतो. जून ते सप्टेंबर मी रोजचं एकच धरलं आहे.

आता आपला खर्च. महिन्याला सरासरी १७० युनिट. दोन किलोवॅट बसवलं तर ऑक्टोबर ते मे रोज आठ आणि पावसाळ्यात रोज दोन, म्हणजे वर्षाला साडेएकवीसशेच्या आसपास. आपण वापरतो दोन हजार चाळीस. हिशेब जुळतो असं वाटतं ना? पण खोच पुढे आहे. आपण घेतलेली आणि आपल्या सोलरने वीज कंपनीला दिलेली वीज, दोन्हींची वजाबाकी करणारं ते नेट मीटर. त्यावर जमा झालेली युनिटं ३१ मार्चपर्यंतच धरली जातात. त्या दिवशी जे उरेल त्याचे पैसे मिळतात, पण आपण वीज घेतो त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. आणि १ एप्रिलला खातं पुन्हा शून्यावरून सुरू. म्हणजे हिवाळ्यातली शिल्लक पावसाळ्याच्या कामी येतच नाही. पावसाळ्याला आधार फक्त एप्रिल-मेचा, तोही जेमतेम दीडशे युनिटांचा. चार महिन्यांत तूट साडेचारशेच्या घरात. तेव्हा जुलै-ऑगस्टला बिल येणारच, हे आधीच धरून चाल.

पाच किलोवॅट घेतलं तर ही पावसाळ्यातली तूट भरून निघेल, पण बाकीच्या महिन्यांत ढीगभर वीज स्वस्तात देऊन टाकावी लागेल. शिवाय केंद्र सरकारच्या पीएम सूर्यघर योजनेचं अनुदान पहिल्या दोन किलोवॅटना तीस-तीस हजार, तिसऱ्याला अठरा हजार, आणि त्यापुढे काही नाही. दोन किलोवॅटचं अंदाजपत्रक १ लाख ३० हजारांचं आलं आहे. साठ हजार वजा जाता सत्तर हजार. शंभर युनिटांच्या वर दर जवळजवळ दुप्पट होतो, तो वरचा टप्पा तर आपला वाचेलच. सहा-सात वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेलची हमी पंचवीस वर्षांची. स्थिर आकार, म्हणजे वीज वापरो न वापरो बिलात येणारी ठरावीक रक्कम, मात्र भरावाच लागेल.

हिवाळ्यात रोज दोन-अडीच युनिटं जास्तीची उरतील. ती स्वस्तात घालवण्यापेक्षा बंब बंद ठेवून गिझर लावायचा, असं मी ठरवलं आहे. सकाळच्या गारठ्यात बाबांना लाकडं फोडायला लागू नयेत, हे मला त्या सत्तर हजारांइतकंच महत्त्वाचं वाटतं.

तू म्हणालास, लाइट गेली तरी घरात उजेड राहील. तसं होत नाही. तारेवर काम करणाऱ्या माणसाला धक्का बसू नये म्हणून वीज गेली की असं बॅटरीशिवाय थेट कंपनीच्या तारेला जोडलेलं सोलरही आपोआप बंद होतं. त्यासाठी वेगळी बॅटरी लागते, आणि झाड पडून दोन-दोन दिवस लाइट जाते ती पावसाळ्यातच, धुक्यात. त्या धुक्यात बॅटरी भरणार कशी? आपला जुना इन्व्हर्टरच ठेवू.

दक्षिणेकडचा पत्र्याचा उतार मोकळा आहे, दोनशे चौरस फूट सहज निघतील. मागच्या जांभळाची सावली हिवाळ्यात सकाळी दहापर्यंत एका कोपऱ्यावर येते. एका पॅनेलवर सावली पडली तरी त्याच्याशी जोडलेल्या बाकीच्यांची वीज घटू शकते, म्हणून तो कोपरा सोडायचा. जांभूळ तोडायचं नाव काढायचं नाही. २००१ पासून आपला भाग पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून सरकारने जाहीर केलेला आहे, आणि तसं नसतं तरी मी तोडू दिलं नसतं. बसवणाऱ्याला एकच अट घातली आहे: पत्र्याला भोकं पाडायची नाहीत, पन्हळीच्या उंचवट्यावर क्लॅम्प धरायचे. इथल्या पावसात एका भोकातून अख्खी खोली भिजते.

एक काम तुझ्याकडे. मीटर अजून आजोबांच्या नावावर आहे, आणि अर्जदाराचं नाव बिलावरच्या नावाशी जुळायला हवं. नाव बदलायचा ऑनलाइन अर्ज या आठवड्यात भर. आजोबांचा मृत्यू दाखला आणि घरपट्टीची पावती यांचे फोटो सोबत पाठवते आहे. पावसाच्या आत सगळं बसलं पाहिजे.

तुझी आई