नातवाच्या कार सीटचे पट्टे बांधायला शिकवणाऱ्या मुलीस

प्रिय मुलीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव छापू नका असं तू बजावलंस, म्हणून ते लिहीत नाही. पण फोनवर मानलेले आभार मला पुरेसे वाटेनात. न्यू जर्सीतल्या त्या कडाक्याच्या थंडीत नातवाची कार सीट, म्हणजे गाडीतलं लहान मुलांचं सुरक्षेचं आसन, तपासायला तू पार्किंगमध्ये आमच्या गाडीच्या मागच्या दाराशी गुडघे टेकून बसलीस, पैशांचा विषय काढला तर हात जोडलेस. हे चारचौघांत सांगायलाच हवं.

कार सीट तपासणारी शिकलेली माणसं असतात, हेच मला नवं होतं. तू त्याचं प्रशिक्षण घेतलंस, परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलंस आणि सुट्टीच्या दिवशी लोकांच्या लेकरांसाठी ते वापरतेस. माझ्या लेकीला वाटलं होतं, तू सगळं लावून देशील. तू मात्र पट्टे पार सैल केलेस आणि माझ्या हाती दिलेस. ‘आजी, रोज याला तुम्ही बांधणार, तर हात तुमचा बसायला हवा,’ म्हणालीस. माझी सांधे धरलेली बोटं पाहून तू घाई केली नाहीस. पट्टे सोडवायचं बकलचं लाल बटण अंगठ्याचा जोर लावून कसं दाबायचं, तेही दाखवलंस.

नातू सव्वा वर्षाचा, भराभर वाढतोय. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीतल्या तान्हेपणीच्याच खाचांतून येत होते. गाडीच्या मागच्या बाजूला तोंड करून बसणाऱ्या मुलाचे पट्टे खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यावेत, आणि पुढे तोंड करून बसायला लागलं की बरोबरीने किंवा वरून. का, तेही तू सांगितलंस. समोरून धडक बसली की मागे तोंड असलेलं मूल सीटच्या पाठीवरून वर सरकू पाहतं, त्याला खालून धरून ठेवणारा पट्टा हवा. पण तान्हेपणीची खाच आता फारच खाली राहिली होती, म्हणून आपण एक खाच वर घेतली. ती अजून त्याच्या खांद्याखालीच होती. त्याला पुढे तोंड करून कधी बसवायचं, हा लेकीचा प्रश्नही तिथेच सुटला. इथल्या कायद्याने २ वर्षांखालच्या आणि ३० पौंडांपेक्षा हलक्या मुलाला मागेच तोंड करून बसवावं लागतं. बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन संघटना तर २०१८ पासून सांगते, की सीटची वजन-उंचीची मर्यादा येईपर्यंत तसंच बसू द्या.

मग चिमटीची परीक्षा. आधी मांड्यांवरची ढिलाई वर ओढून खांद्यांकडे आणायची, मग समोरची शेपटी, म्हणजे पट्ट्याचं मोकळं टोक, ओढायची. खांद्याच्या हाडापाशी पट्टा चिमटीत धरून बघायचा: घडी पकडता आली तर अजून ढिला, बोटं नुसती घसरली तर बरोबर. दोन्ही पट्टे जोडणारी छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत. पोटावर उतरली तर खांद्यावरचे पट्टे बाजूला घसरू शकतात.

मला सगळ्यात भिडलं ते जाकिटाचं. तू त्याला फुगीर जाकिटासकट बसवायला लावलंस, पट्टे घट्ट झाले, चिमटीत काही येईना. मग पट्टे तसेच ठेवून त्याला बाहेर काढलं, जाकीट उतरवलं आणि पुन्हा बांधलं. पट्ट्याखाली माझी अख्खी मूठ गेली! धडकेत ते जाकीट असंच चेपतं, आणि मूल त्या पोकळीतून निसटू शकतं. हजार वेळा सांगून जे कळलं नसतं, ते त्या मुठीने कळलं.

आणि ती गोधडी. माझ्या जुन्या सुती साडीची, त्याच्या पाठीला मऊ लागावं म्हणून मी शिवून आणलेली. तू ती हातात घेऊन टाके निरखलेस आणि म्हणालीस, सीटबरोबर जे आलेलं नाही ते पाठीमागे किंवा खाली घालायचं नाही. आधी पट्टे बांधा, मग गोधडी वरून पांघरा. आता तो रोज तीच पांघरतो. कुणी दुसरं असतं तर ‘हे चालत नाही’ म्हणून बाजूला ठेवली असती. मुली, तुझं हे वागणं मी विसरणार नाही.

पट्टे मशीनमध्ये धुवायचे नाहीत, ओल्या फडक्याने पुसायचे, हेही लक्षात आहे. बकलमध्ये अडकलेला बिस्किटांचा चुरा मी दर रविवारी काढते.

माझं एक सुचवणं आहे. महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीला इतकी लेकरं येतात. बाहेर पार्किंगमध्ये तासभर अशी तपासणी ठेवता आली तर बघ. तिळगूळ वाटायला मी आहेच, पट्टे तपासायला तुझ्या हाताखालीही उभी राहीन.

मार्चमध्ये मी नाशिकला परत जाईन. आमच्याकडे मूल अजून मांडीवरच असतं. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर १,००० रुपये दंड आहे, पण दंडाच्या भीतीने कोण ऐकतं? भाचीने तिच्या मुलीसाठी सीट घेतली आहे. तिकडच्या बऱ्याच सीटांना छातीवरची क्लिप नसते, असं तू सांगितलंस. मग चिमटी अधिकच नीट घ्यावी लागेल. गेल्या गेल्या तिच्या मुलीला जाकिटाऐवजी जाड स्वेटर घालून भाचीला तो मुठीचा प्रयोग दाखवणार आहे.

नाशिकला आलीस तर आमच्याच घरी उतर.

तुझी,
नातवाची आजी