दादा, एक्स-फाइल्सचा नवा सिनेमा पाहिला

व्हँकुव्हर,
ऑगस्ट २००८

ती. स्व. दादास,
सप्रेम नमस्कार.

फोनवर तू विचारलंस तेव्हा नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहायला बसले. सिनेमा इथे २५ जुलैला लागला आणि मी लगेच पाहिला. मन फार खट्टू झालं रे.

२००२ साली एक्स-फाइल्स मालिकेच्या शेवटच्या भागात, गूढ प्रकरणांचा तपास करणाऱ्या आपल्या एफबीआयवाल्या मल्डरला काय कळलं होतं, आठवतंय ना? परग्रहावरचे लोक २२ डिसेंबर २०१२ ला पृथ्वीचा ताबा घेणार. त्यावर आपण किती वाद घातले! आता ती तारीख चार वर्षांवर आली आणि सिनेमात तिचं नावही नाही. मल्डर दाढी वाढवून घरात दडून बसलाय, त्याची तपासातली जुनी जोडीदार स्कली एका कॅथलिक हॉस्पिटलात डॉक्टर आहे. एफबीआयची एक अधिकारी बेपत्ता होते आणि मुलांवर अत्याचार केल्याबद्दल शिक्षा झालेला एक पाद्री म्हणतो, मला दृष्टान्त होतात. तपास सुरू होतो तो अवयवांच्या चोरीपर्यंत जातो.

परग्रहवासी नाहीत याचं मला वाईट वाटलं नाही. मालिका न पाहिलेल्यालाही कळावी अशी स्वतंत्र गोष्ट मालिकेचा कर्ता ख्रिस कार्टर याने ठरवूनच घेतली आहे, आणि आपले लाडके भाग तसलेच तर होते. तिसऱ्या सीझनमधला तो विमा विकणारा क्लाइड ब्रकमन आठव. समोरचा माणूस कसा मरणार हे त्याला दिसायचं. तिथेही खून होते, तिथेही दिव्यदृष्टी होती. पण पाऊण तासात त्या म्हाताऱ्याचं एकटेपण आपल्याला चटका लावून गेलं. इथे बिली कॉनलीने पाद्री जीव ओतून केलाय, तरी त्याचे दृष्टान्त बहुतेक वेळा पोलिसांना पुढचा पत्ता मिळावा एवढ्यापुरतेच येतात.

आणि मल्डर-स्कली! एकाच प्रेताकडे बघून तो गूढ कारण सांगायचा, ती विज्ञानातलं आणि आपल्याला दोन्ही पटायच्या. सगळी मालिका त्या वादावर उभी होती. सिनेमात बराच वेळ तो बर्फात माग काढत फिरतो, ती एका आजारी मुलाच्या उपचारात गुंतलेली. वाद होतो तो हा अंधार आपल्या घरात येऊ द्यायचा की नाही, यावर. स्कली झालेली जिलियन अँडरसन त्या प्रसंगात इतकी खरी वाटते की, हिच्यासाठी कुणी चांगली गोष्ट का लिहिली नाही, असं सारखं वाटत राहिलं.

तुला ठाऊकच आहे, पहिली पाच वर्षं मालिकेचं चित्रीकरण इथेच व्हायचं, मग १९९८ मध्ये ते लॉस एंजेलिसला गेलं. आपण अमेरिका समजून बघायचो ती धुक्यातली, ओली जंगलं या बाजूची. सिनेमासाठी मंडळी परत इकडे आली. बर्फ इथून उत्तरेला असलेल्या पेंबर्टन गावचा आहे, आणि तो सुंदरच टिपलाय. पुढच्या हिवाळ्यात आलास तर तुला तिकडे नेईन.

तिकडे लागला तर बघ, मी अडवणार नाही. श्रेयनामावली संपेपर्यंत मात्र उठू नकोस, तिथेही एक छोटा प्रसंग आहे. मल्डर-स्कलीचा जुना साहेब स्किनर गोष्टीच्या शेवटाकडे येतो, त्याला फारसं काम नाही, तरी त्याला पाहून जीव सुखावतो. जाण्याआधी तिसरा सीझन पुन्हा बघ आणि मग मला सविस्तर लिही.

आईला शि. सा. नमस्कार, वहिनींना नमस्कार, पोरांना पापा.

तुझी,
मीनू