मन्यास, ४५ वर्षं उशिरा

सांगली,
रविवार, रात्री साडेअकरा

प्रिय मन्या,

सप्रेम नमस्कार वगैरे. चौदा महिन्यांनी लिहितोय, तेव्हा आधी मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. तब्येत बरी आहे. साखर आहे तिथंच आहे, गुडघा बोलतो. झालं.

फोनच केला असता, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. आणि हे मध्येच तोडलंस तर मी परत खोटं बोलेन.

गेल्या रविवारी वाचनालयात माझं व्याख्यान झालं. विषय तू ओळखलाच असशील. मिलानचा बिशप अँब्रोज. ३३ वर्षं वर्गात सांगितला तोच. इ. स. ३९०, ग्रीसमधलं थेस्सलोनिका. लोकांच्या लाडक्या सारथ्याला तुरुंगात टाकलं म्हणून गाव खवळतं, सेनापती ब्युथेरिकला ठार मारतं. रोमन सम्राट थिओडोसियस सूड म्हणून सैन्य सोडतो, कत्तल होते. (सात हजार हा चर्चचा इतिहास लिहिणाऱ्या थिओडोरेटचा आकडा मी ठोकून दिला. तू असतास तर खोकला असतास.) आणि मग अँब्रोज सम्राटाला चर्चच्या दारात अडवतो. मी हात आडवा करूनही दाखवलं, रुबेन्सच्या चित्रातल्यासारखं. कुमी म्हणाली, तुम्ही एसटीला हात करताय असं वाटत होतं.

आता दारात कोणी कोणाला अडवलं नव्हतं, हे मलाही ठाऊक आहे. अँब्रोज आजारपणाचं कारण सांगून गावाबाहेर गेला आणि तिथून स्वतःच्या हातानं पत्र लिहिलं, फक्त सम्राटानं वाचावं म्हणून. दार नंतर थिओडोरेटनं बसवलं, पन्नासेक वर्षांनी. पण दाराशिवाय गोष्ट उभी राहत नाही रे. सम्राटानं राजचिन्हं उतरवून सगळ्यांदेखत प्रायश्चित्त घेतलं आणि नाताळात त्याला परत आत घेतलं, एवढं तर खरंच आहे ना?

टाळ्या पडल्या. चहाच्या वेळी समितीतले एक गृहस्थ आले. मिशीला बिस्किटाचा चुरा. माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाले, “सर, असंच पाहिजे बघा. धर्मानं सांगायचं, सरकारनं ऐकायचं.”

मी काय म्हणालो असेन? “हो, हो.” आणि दुसरा चहा घेतला.

रात्री झोप नाही. बाराला स्टूल घेऊन माळ्यावरचा खोका काढला (घरच्यांना वाटलं मांजर शिरलं) आणि त्यातली अँब्रोजची पत्रं काढून कॅलिनिकमचं पत्र वाचलं. होय, पहिल्यांदाच. त्याबद्दल पुढे सांगतो.

तुला सगळं पाठ आहे, तरी मला लिहू दे. ३८८. गादी बळकावणाऱ्या मॅक्सिमसचा निकाल लावून थिओडोसियस इटलीत आलेला. तिकडे युफ्रेटिसकाठी कॅलिनिकमला, म्हणजे आजच्या रक्काला, बिशपच्या चिथावणीनं ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनामंदिर, जाळलं गेलं. सम्राटाचा हुकूम साधा : बिशपनं पदरच्या पैशानं बांधून द्यावं. आपला एखादा मामलेदारही हाच निकाल देईल. आणि आमचा हा शूर माणूस आक्विलेयाहून लिहितो, मीच जाळलं असं जाहीर करतो, निदान मी तसं फर्मावलं होतं म्हणून सांगतो. वर धमकी : राजवाड्यात ऐका, म्हणजे चर्चमध्ये ऐकायची वेळ येणार नाही.

ती वेळ आलीच. मिलानला भर चर्चमध्ये, सम्राट समोर बसलेला असताना, प्रवचनातून त्यालाच सुनावलं. हे सगळं त्यानं स्वतःच बहिणीला, मार्सेलिनाला, कौतुकानं कळवलंय. प्रवचन संपवून खाली येतो तर सम्राट म्हणतो, “तुम्ही माझ्याबद्दल बोललात.” हा म्हणतो, “तुमच्या भल्याचंच बोललो.” सम्राट कबूल करतो की बांधकामाचा हुकूम जरा कडकच झाला होता, पण आता तो सौम्य केलाय. आणि हे भिक्षू फार गुन्हे करतात, असंही पुटपुटतो. तिमासियस सेनापती भिक्षूंवर तोंड सोडतो, त्याला हा गप्प करतो. आणि मग नुसता उभा राहतो. वेदीकडे जातच नाही. सम्राट बसल्या जागी मान हलवतो, तरी हा उभाच. हुकूम सुधारतो म्हणतो, तरी उभाच. चौकशी पुरती बंद करा, म्हणतो. सम्राट कबूल होतो. “तुमच्या शब्दावर जातो,” हा दोनदा म्हणतो. “जा,” सम्राट म्हणतो. तेव्हा कुठे पूजा सुरू.

मन्या, माणूस तोच, सम्राट तोच, हत्यारही तेच. मध्ये फक्त दोन वर्षं. थेस्सलोनिका मी तोंड भरून सांगत आलो, आणि ही तालीम कोणाला दाखवलीच नाही.

३८६ चं मात्र मी सोडणार नाही, आधीच सांगतो. पोरसवदा सम्राट व्हॅलेंटिनियनची आई जस्टिना एरियन (ख्रिस्ताला देवपित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या) मंडळींसाठी चर्च मागते, बाहेर सैनिक, आत लोक रात्ररात्र स्तोत्रं गातायत, त्यात ऑगस्टीनची आई, आणि जप्तीसाठी टांगलेले शाही पडदे पोरांनी खेळता खेळता टराटरा फाडलेले. मला अजून आवडतं हे. “एक चर्च द्यायला काय जात होतं?” असं तू म्हणणार. माहितेय. म्हण.

आणि जुन्या रोमन देवांचा कैवारी, तुझा सिम्माकसही काही तुकाराम नव्हता. ३८४ मध्ये तेरा वर्षांच्या व्हॅलेंटिनियनला अर्ज केला तो विजयदेवीच्या वेदीसाठी, तसाच वेस्टल कुमारिकांच्या, म्हणजे वेस्टा देवीच्या पुजारिणींच्या, बंद पडलेल्या अनुदानासाठी! तरी तू त्याचं वाक्य आपल्या खोलीच्या दारावर खडूनं लिहिलं होतंस : एवढ्या मोठ्या गूढापर्यंत एकाच वाटेनं पोचता येत नाही. ते मी पुसलं. ओल्या पंचानं. पंचा तुझा होता. इतकी वर्षं तू पांड्यावर संशय घेतलास, त्यालाही कळव.

दुसरं त्याहून वाईट आहे. तू कॅलिनिकमचं पत्र मराठीत उतरवून ती निळी वही मला दिली होतीस, आठ दिवसांनी मी परत केली, आणि “वाचली, छान आहे, पण माझं मत बदललं नाही” असं म्हणालो. ती मी उघडलीही नव्हती. त्यावरून तू सहा महिने माझ्याशी बोलला नाहीस, आणि मी सगळीकडे सांगत सुटलो की मन्याला मतभेद सोसत नाहीत.

आता अडचण ही. समितीला स्मरणिकेसाठी व्याख्यान लिहून हवंय, शुक्रवारपर्यंत. कॅलिनिकम घालायचं हे ठरलंय. पण ते मिशीवाले गृहस्थ डोळ्यांपुढून हलत नाहीत. त्यांना हे वाचून धक्का बसेल असं मी धरून चाललोय. नाही बसला तर? हेही वाचून त्यांनी माझे हात धरले आणि “असंच पाहिजे बघा” म्हणाले तर? तीनदा लिहिलं, तिन्ही वेळा अँब्रोजच जिंकतो. तो लिहितोच तसा, आणि दुसऱ्या बाजूचं पत्र आपल्यापर्यंत आलेलं नाही. कॅलिनिकमच्या ज्यूंपैकी कोणी काय म्हणालं, एक ओळ नाही. थिओडोसियसनंच ३९३ मध्ये कॉन्स्टँटिनोपलहून पूर्वेच्या अधिकाऱ्याला फर्मावलं की ज्यूंच्या पंथावर कायद्यानं बंदी नाही, सिनेगॉग पाडणाऱ्यांना आवरा. बिशप लांब होता तेव्हा. शेवट त्यावर करावा म्हटलं, पण तो फार गोड होतो.

नात झाल्याचं पांड्याकडून कळलं, अभिनंदन. नागपूरच्या घराचा सौदा झाला की अजून तुझा भाऊ अडून बसलाय? वहिनींना नमस्कार.

ती निळी वही असेल तर कुरिअर करू नकोस, पानांचे फोटो काढून कुमीच्या नंबरवर पाठव. बुधवारपर्यंत. तुझं अक्षर तिला लागत नाही, मला लागतं.

तुझा,
बाळ्या