बोथट हत्यारं मुलांच्या हाती देऊ नका

महोदय,

माझं आयुष्य सुतारकामात गेलं. वडील भोर तालुक्यात बैलगाड्या आणि नांगर करायचे, मी पुढे दारं-खिडक्या केल्या. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांनी १० दिवस दप्तर बाजूला ठेवून सुतार, कुंभार, माळी यांच्याकडे शिकावं, असं म्हटलं आहे. त्यासाठी जवळच्या एका शाळेने मला बोलावलं, तेव्हा फार आनंद झाला. पण मी पोहोचेपर्यंत एका मुलाचा हात कापला होता.

चिंचेखाली बाकडं करायचं काम चाललं होतं. पोरगा बाभळीचा तुकडा मांडीवर धरून पटाशीने खाच पाडत होता, डावा हात पटाशीच्या समोरच. पटाशी लाकडात शिरेना म्हणून त्याने अंगाचा जोर लावला. ती सटकली आणि अंगठ्याच्या बेचक्यात घुसली. चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. गुरुजी कळवळून म्हणाले, “लागू नये म्हणून मुद्दाम बोथट हत्यारं दिली होती हो!”

गुरुजींना दोष देत नाही, घरोघरी हाच समज आहे. पण धारेच्या पटाशीला जोर लागत नाही, हात ताब्यात राहतो. बोथट पटाशी निसटते तेव्हा लावलेला सगळा जोर तिच्यासोबत हातावर येतो.

मग तासभर आम्ही लाकडाला हातच लावला नाही. मुलांना दगडावर पाणी टाकून धार लावायला बसवलं. धार बोटाने बघायची नाही, लाकडावर बघायची. पातळ साल सुटली पाहिजे. त्यानंतर तुकडा दोरीने घोडीला, म्हणजे सुताराच्या लाकडी आधाराला, आवळला, म्हणजे दोन्ही हात पटाशीच्या मागे राहतात.

शाळेची कुऱ्हाड मात्र मी बाजूला ठेवायला लावली. उन्हाळ्यात दांडा वाळून आखडतो, पातं हलायला लागतं. लोक ती रात्रभर बादलीत बुडवतात. बाभळीचा दांडा फुगून घट्ट होतो खरा, पण वाळला की पुन्हा ढिला, आणि मग घाव घालताना पातं उडतं. नवी पाचर ठोकणं हाच उपाय. वडील रोज सकाळी कुऱ्हाडीच्या दांड्याचं बूड दगडावर आपटून कान देऊन ऐकायचे. पातं जराही खडखडलं तर त्या दिवशी ती कुऱ्हाड कामावर जात नसे.

शिक्षण खात्याला विनंती आहे, की मुलांपुढे हत्यारांची पेटी उघडण्याआधी ती गावातल्या सुताराकडे एक दिवस द्यावी आणि त्या दिवसाची मजुरीही द्यावी. धार, दांडे, करवतीचे दाते बघायला तेवढा वेळ पुरतो. या शाळेच्या पेटीत तर धार लावायचा दगडच नव्हता. माझा जुना दगड मी तिथे ठेवून आलो आहे.

– एक सुतार, भोर (जि. पुणे)