आधी अल्बम मोज, मग मेगापिक्सेल

सोलापूर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. लग्नसराई आणि सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा तोंडावर आली, आणि तू अजून कॅमेऱ्याची बॉडी २४ मेगापिक्सेलची (म्हणजे फोटोत २४ दशलक्ष ठिपके, पिक्सेल) घ्यावी की ४५ ची, यावरच अडून बसलायस. खोक्यावरचा आकडा क्षणभर बाजूला ठेव. फोटो शेवटी कुठं उमटणार आहे, तिथून उलटा हिशेब कर.

तुझे अल्बम १२ बाय ३६ इंचांचे. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले तर, पूर्ण शीट म्हणजे ३६०० बाय १०८०० पिक्सेल, जवळपास ३९ मेगापिक्सेल. हे बघून ४५ कडे मन ओढतं. पण एका शीटवर तीन-चार फोटो बसतात, त्यात मोठ्यात मोठा १२ बाय १८ चा. २४ मेगापिक्सेलची फाइल ६००० बाय ४००० ची असते, ती ३०० डीपीआयला २० बाय १३ इंच भरते. आडवा एकच फोटो पूर्ण शीटभर पसरलास तरी १६७ डीपीआय मिळतात, आणि एवढी मोठी शीट माणूस दोन फुटांवरूनच बघतो. तिथून डोळ्याला याहून बारीक काही कळत नाही. मांडवाबाहेरचा १० बाय ८ फुटांचा फ्लेक्स तर दहा फुटांवरून वाचतात. त्याला इंचाला ३० ठिपके पुरतात, म्हणजे दहा मेगापिक्सेलच्या जरा वर. फोर-के टीव्ही ८.३ मेगापिक्सेलचा.

आणखी एक गोष्ट. २४ वरून ४५ म्हणजे जवळजवळ दुप्पट वाटतं, पण लांबीत ती वाढ ६००० वरून ८२५६, जेमतेम १.३८ पट. बारकावा खरोखर दुप्पट हवा असेल तर पिक्सेल चौपट लागतात. आणि तो बारकावा फाइलमध्ये उतरायला लेन्स तशी हवी, हातही तसा हवा. ८५ मिमीच्या लेन्सला १/१०० सेकंदाच्या शटरवर जे हलणं २४ मध्ये दिसत नव्हतं ते ४५ मध्ये शंभर टक्के मोठं करून बघितलं की दिसतं. शटर १/१६० ते १/२०० वर न्यावं लागतं, आणि त्यापायी आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) दीडपट ते दुप्पट.

जास्त पिक्सेल म्हणजे जास्त नॉइज (फोटोतला खरखरीतपणा), असं लोक सांगतात. त्यावर फार विसंबू नकोस. एकाच आकाराच्या सेन्सरवरचे (कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग) दोन्ही फोटो १२ बाय १८ ला छापले तर नॉइज जवळपास सारखाच दिसतो. खरा भार साठवणीचा. १४ बिटची, न दाबलेली रॉ फाइल (सेन्सरनं टिपलेली कच्ची नोंद) २४ ला ४२ एमबी, ४५ ला ७९. दोन हजार फ्रेमचं लग्न म्हणजे ८४ जीबी की १५८, आणि प्रत्येकाच्या दोन प्रती.

मग ४५ कुणाला? आपल्या सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर काळवीट टिपणाऱ्याला. कडा कापून चित्र दीडपट मोठं केल्यावर (क्रॉप) ४५ मधले २० मेगापिक्सेल उरतात, २४ मधले पावणेअकराच. तिथंही एप्रिलमध्ये ऊन चढलं की जमिनीवरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचं चित्र पाण्यात बघितल्यासारखं होतं. ते कुठलाच सेन्सर दुरुस्त करत नाही. सकाळीच काम उरकायचं, नाहीतर जवळ जायचं.

दुसरा माणूस चादरी-टॉवेलांचे कॅटलॉग करणारा, आणि तू ते काम घेतोयस म्हणून इथं नीट लक्ष दे. समजा कापडावर सेंटीमीटरला २० धागे आहेत आणि १५० सेंटीमीटर कापड फ्रेममध्ये बसवलंस. २४ ला सेंटीमीटरमागे ४० पिक्सेल, म्हणजे धाग्याला बरोबर दोन. इथंच मॉयरे उठतो, नसलेले पट्टे दिसायला लागतात. लाल आणि निळा रंग सेन्सरवर एक सोडून एक पिक्सेलला नोंदला जातो, म्हणून रंगीत पट्टे त्याही आधी येतात. ४५ ला धाग्याला पावणेतीन पिक्सेल मिळून इथं त्रास कमी होईल, पण मागं सरकून २०६ सेंटीमीटर कापड घेतलंस की तोच प्रकार परत. रेझोल्यूशन वाढवून मॉयरे जात नाही, त्याचं अंतर बदलतं. उपाय असे: अर्धा फूट पुढं-मागं हो, कापड पाच-दहा अंश तिरकं कर, नाहीतर लेन्सचं छिद्र बारीक करून एफ १६ वर जा, तिथं प्रकाशाचा ठिपकाच २१ मायक्रॉनचा होतो आणि ४५ च्या ४.३५ मायक्रॉनच्या पिक्सेलवर धाग्यांची धार मऊ पडते. ट्रायपॉड लागतोच. पडद्यावर लहान करून बघतानाही खोटे पट्टे दिसतात, म्हणून तपासणी शंभर टक्क्यांवरच.

लग्न आणि यात्रा, दोन्हींसाठी माझा जीव मात्र भलत्याच गोष्टींत अडकलाय. पहिली, कार्डाचे दोन स्लॉट, दोन्हींवर एकाच वेळी रॉ लिहिणारे. कार्ड मेलं तर अक्षता परत टाकता येत नाहीत. दुसरी, अंधारात डोळा धरून ठेवणारा फोकस. तिसरी, शटर. मेकॅनिकल शटरवर साध्या दिव्यांखाली १/५० किंवा १/१०० ठेव, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. स्टेजवरच्या एलईडीचं तसं नसतं. तो सेकंदाला हजारोंनी लुकलुकू शकतो आणि इलेक्ट्रॉनिक शटरवर नवरीच्या चेहऱ्यावर आडवे पट्टे येतात. तिथं पडदा हलत नाही, सेन्सर ओळीओळीनं वाचला जातो, त्यामुळे हे होतं. स्टॅक्ड सेन्सर (थर रचून केलेला) भराभर वाचतो, पण महाग.

यात्रेत नंदीध्वजाच्या मिरवणुकीत भर उन्हात पांढऱ्याशुभ्र बाराबंद्या असतात. तिथं एक्सपोजर दोन तृतीयांश स्टॉप खाली ठेव (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा), झेब्रा, म्हणजे जास्त उजळ भागावर पट्टे दाखवणारी सोय, चालू ठेव, रॉमध्येच घे. चेहऱ्यावरची सावली नंतर उजळता येते. उडालेला पांढरा परत येत नाही.

दुकानात जाताना तुझी लेन्स, एक कार्ड आणि एक चादर घेऊन जा. चादरीचे तीन अंतरांवरून फोटो घे, दुकानाच्या एलईडी पाटीखाली दोन्ही शटरवर १/१०० आणि १/१०००, आणि अंधाऱ्या कोपऱ्यात कुणाला तरी चालायला लावून वीस फ्रेम. फाइली घरी आणून १२ बाय १८ ची एक प्रिंट काढ. २४ ची बॉडी यातून पार पडली तर उरलेल्या पैशांत ८५ ची एफ १.८ घे.

काय ठरलं ते कळव. काकूंना नमस्कार.

तुझाच,
मित्र