क्रियापद एकटे शिकवू नये

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात शेजारचा नववीतला मुलगा आपली इंग्रजीची वही घेऊन माझ्याकडे आला. सुट्टीवरच्या निबंधात त्याने ‘माय मदर मेड मी टू क्लीन द हाउस’ असे लिहिले होते आणि त्यातल्या ‘टू’वर लाल शाईची फुली होती. समासात एक अक्षरही नव्हते. त्याच्याच खालच्या ओळीत ‘वुई वाँटेड टू गो टू द रिव्हर’ असे वाक्य होते, त्याला मात्र बरोबरची खूण होती. त्याने मला एवढेच विचारले, “आजी, खालचा ‘टू’ चालतो, मग वरचा का नाही चालत?” मी एकतीस वर्षे मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवले. हा प्रश्न मला दर वर्षी कोणी ना कोणी विचारला आहे आणि सुरुवातीची काही वर्षे मीही फुली मारूनच पुढे गेले, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

त्या मुलाने केलेली चूक निष्काळजीपणाची नाही. आपण त्याला ‘टू डू’ म्हणजे ‘करायला’ असे शिकवलेले असते. आईने घर साफ ‘करायला’ लावले, म्हणून त्याने ‘टू क्लीन’ लिहिले. त्याचा हा हिशेब भाषेच्या इतिहासाशीही जुळणारा आहे. जुन्या मराठी पुस्तकांतले ‘करावयास’, ‘जावयास’ आठवले की आपल्या ‘करायला’, ‘जायला’मधला ‘ला’ हा चतुर्थीचाच प्रत्यय आहे, हे लक्षात येते. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीतही ‘टू’ हे ‘कडे’, ‘प्रत’ अशा अर्थाचे अव्यय होते आणि त्याच्यापुढे धातूचे चतुर्थीतले रूप येत असे. पुढे ते प्रत्यय झिजून गेले आणि ‘टू’ तेवढा राहिला. त्याच काळी धातूचे ‘टू’शिवायचे, नुसते रूपही होते. ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ यांच्यापुढे आजही तेच येते. ‘टू’ची चाल नंतर बरीच पसरली, पण सगळ्या क्रियापदांपर्यंत पोहोचली नाही. त्यामुळे ‘आस्क्ड मी टू गो’, ‘टोल्ड मी टू गो’ असे म्हटले, तरी ‘लेट मी गो’ आणि ‘मेड मी गो’ असेच म्हणावे लागते. ‘हेल्प’ला दोन्ही चालतात. (‘मेक’चे कर्मणी रूप केले की गेलेला ‘टू’ परत येतो: ‘आय वॉज मेड टू गो’. मुले इथे हमखास गोंधळतात आणि तो दोष त्यांचा नाही.)

म्हणजे पुढे काय यायचे, हे आधीचे क्रियापद ठरवते. आपल्या वर्गांत मात्र याच्या उलट सवय लागते. ‘टू स्विम इज अ गुड एक्सरसाइज’ हे वाक्य ‘स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज’ असे बदलून लिहा, हा व्यायाम आपण वर्षानुवर्षे करून घेतो. वाक्याच्या सुरुवातीला ही अदलाबदल चालते, म्हणून मुलाला वाटते की ती कुठेही चालते. मग ‘आय एन्जॉय टू रीड’ आणि ‘आय फिनिश्ड टू राइट’ ही वाक्ये वहीत येतात आणि त्यांच्यावर पुन्हा फुली पडते.

ही अदलाबदल अर्थ कसा पालटते, हे समजायला मराठी मुलाला इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकाची गरजही नाही. ‘तो बोलायचा थांबला’ आणि ‘तो बोलायला थांबला’ ही दोन वाक्ये फळ्यावर लिहून मी विचारत असे, की गप्प कोण झाला? सगळा वर्ग पहिल्याकडे बोट दाखवी. मग ‘ही स्टॉप्ड टॉकिंग’ पहिल्याखाली आणि ‘ही स्टॉप्ड टू टॉक’ दुसऱ्याखाली लिहायचे. ‘दार लावायचं लक्षात ठेव’ म्हणजे ‘रिमेंबर टू लॉक’ आणि ‘दार लावल्याचं मला आठवतं’ म्हणजे ‘आय रिमेंबर लॉकिंग’. सर्वांत सुंदर जोडी ‘ट्राय’ची आहे. खिडकी घट्ट बसली असेल तर आपण ती ‘उघडायचा प्रयत्न’ करतो, ते ‘ट्राय टू ओपन’. खोलीत कोंदट वाटत असेल तर आपण खिडकी ‘उघडून बघतो’, ते ‘ट्राय ओपनिंग’. जो फरक परदेशी शिकणाऱ्यांना परिच्छेदभर समजावावा लागतो, तो आपल्या मुलाच्या जिभेवर चौथ्या वर्षापासून असतो.

शिवाय प्रत्येक क्रियापदाची आपापली सोबत असते, ही कल्पनाही मराठीला नवी नाही. आपण ‘जाऊ शकतो’ म्हणतो, ‘जायला शकतो’ कधीच म्हणत नाही. ‘पाऊस पडू लागला’ आणि ‘पाऊस पडायला लागला’ ही दोन्ही रूपे मात्र आपल्याला चालतात. ‘कॅन’पुढे ‘टू’ का नाही आणि ‘बिगिन’पुढे ‘टू रेन’ व ‘रेनिंग’ दोन्ही का चालतात, असे विचारणाऱ्या मुलाला आधी हे दाखवावे.

मराठीचा आधार सगळीकडे पुरत नाही, हेही मला मान्य आहे. ‘मला वाचायला आवडतं’ आणि ‘मला वाचायला मजा येते’ यांत आपल्याकडे एकच ‘वाचायला’ आहे. इंग्रजीत मात्र ‘लाइक’ला दोन्ही रूपे चालतात आणि ‘एन्जॉय’ला फक्त ‘रीडिंग’ चालते. ‘त्यानं मला जायला सुचवलं’ यावरून ‘ही सजेस्टेड मी टू गो’ होते, ते चूक. ‘तू यावंस असं मला वाटतं’ यावरून ‘आय वाँट दॅट यू कम’ होते, तेही चूक. तिथे ‘आय वाँट यू टू कम’ हवे. अशा जागी युक्तिवाद उपयोगाचा नाही. तिथे ती जोडी कानावर पडून पाठच झाली पाहिजे.

महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे नववीतल्या मुलाने ‘मेक’ आणि ‘लेट’ हे शब्द अनेक वर्षे ऐकलेले असतात, पण बहुतेकदा धड्याखालच्या शब्दार्थांत, एकेकटे. पाठ्यपुस्तके तयार करणाऱ्यांना माझी विनंती आहे, की तिथे ‘अव्हॉइड म्हणजे टाळणे’ एवढेच छापू नये. ‘अव्हॉइड गोइंग: जाणे टाळणे’, ‘डिसाइड टू गो: जायचे ठरवणे’, ‘लेट हिम गो: त्याला जाऊ देणे’ असे, पुढच्या रूपासकट आणि शेजारी मराठी देऊन छापावे. त्याला जादा तास लागत नाही, शब्दामागे फार तर अर्धी ओळ वाढेल. वही तपासणाऱ्या माझ्या शिक्षक बंधुभगिनींवर किती वह्यांचा भार असतो, हे मी जाणते. तरीही ‘टू’वर फुली मारताना समासात ‘मेड मी क्लीन’ हे तीन शब्द लिहावेत.

त्या मुलाच्या वहीत ते मी पेन्सिलीने लिहून दिले. त्याने त्याच्याखाली स्वतःहून ‘माय मदर लेट मी गो टू द रिव्हर’ असे लिहिले आणि ‘लेट’च्या पुढे ‘टू’ नाही, हे मला बोट ठेवून दाखवले.

आपली,
एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका, कराड